खांब ठोकताना: बुडबुड्यांचा पडदा की पोलादी कवच?

उत्तर समुद्रात पवनचक्कीचा खांब तळात ठोकताना उठणाऱ्या दणक्यांनी हार्बर पॉरपॉइज या डॉल्फिनसारख्या छोट्या दंतधारी समुद्री सस्तन प्राण्याचे कान काही काळ बधिर होऊ शकतात. तो सुमारे १३० किलोहर्ट्झचे 'क्लिक' सोडून भक्ष्य शोधतो. कान हेच त्याचे डोळे. म्हणून जर्मनीत ७५० मीटरवर एका ठोक्याची ध्वनिपातळी १६० डेसिबलच्या आत हवी. (पाण्यातले डेसिबल हवेतल्यांशी ताडून पाहू नयेत, मोजणीसाठी आधार धरलेला दाब वेगळा असतो.)

हा आवाज अडवायचे दोन उपाय आहेत: पोलादी कवच आणि बुडबुड्यांचा पडदा. पोलादी कवच खांबाभोवती बसतं, त्याच्या दुहेरी भिंतींत हवा भरलेली असते. प्रवाहाने ते ढळत नाही. पण खांबाचा कंप मातीतून जाऊन कवचाबाहेर पुन्हा पाण्यात शिरतो, तिथे त्याचा इलाज चालत नाही.

बुडबुड्यांच्या पडद्यासाठी छिद्रांची नळी तळावर मोठ्या वर्तुळात अंथरून कॉम्प्रेसरने हवा सोडतात. वर्तुळ मोठं, त्यामुळे मातीतून वर आलेला आवाजही बराचसा अडतो. मात्र प्रवाह जोरात असेल तर बुडबुडे वाहून फटी पडतात. खोल पाण्यात हवा दाबली जाते, म्हणून पुरवठा वाढवावा लागतो. गाळाने छिद्रं बुजली का, हे दर वेळी पाहावं. हवा तेलविरहित हवी, आणि पहिल्या ठोक्याआधीच पडदा पूर्ण उभा राहायला हवा.

एकच निवडायचा तर आम्ही पडदा निवडू. जाड खांबांना दोन्ही एकत्र लावावेत.