कंटेनर क्वेरी : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या तालुक्याच्या वाचनालयाची साइट मी सांभाळते. गेल्या वर्षी ती नव्यानं बांधायला घेतली तेव्हा ठरवलं, की मांडणी या वेळी स्क्रीनच्या मापावर ठरवायची नाही, सीएसएसच्या, म्हणजे पानाची सजावट लिहायच्या भाषेतल्या, कंटेनर क्वेरीवर ठरवायची. त्याला आता नऊ महिने झाले. वाचक ती साइट रोज वापरतात आणि तक्रारी थेट मला सांगतात, त्यामुळे या अनुभवावर माझा भरवसा आहे.

आधी अडचण काय होती ते सांगते. साइटचा जीव म्हणजे पुस्तकाचं कार्ड. त्यात मुखपृष्ठ, नाव, लेखक आणि पुस्तक आत आहे की बाहेर गेलंय, एवढंच असतं. हेच कार्ड मुख्य यादीत येतं, शोधाच्या निकालात येतं आणि कडेच्या ‘नवी पुस्तकं’ पट्टीतही येतं. जुन्या साइटवर मीडिया क्वेरी, म्हणजे स्क्रीनच्या मापावर चालणारी अट, होती. स्क्रीन ७६८ पिक्सेलच्या वर गेली, की मुखपृष्ठ डावीकडे आणि मजकूर उजवीकडे. लॅपटॉपची स्क्रीन १३६६ ची, पण कडेची पट्टी २८० चीच! तिथंही कार्ड आडवं व्हायचं. मुखपृष्ठाशेजारी उरलेल्या चिंचोळ्या जागेत ‘स्वातंत्र्योत्तर’सारखा शब्द मावायचाच नाही, तो चौकटीबाहेर जायचा. मग पट्टीसाठी वेगळा क्लास, म्हणजे सजावटीच्या नियमांचा वेगळा संच, शोधासाठी आणखी एक. एका कार्डाचे तीन अवतार सांभाळत बसायचं.

कंटेनर क्वेरी स्क्रीनची रुंदी विचारतच नाही. कार्ड ज्या खोक्यात बसलंय, त्याची रुंदी विचारते. २०१० साली ईथन मार्कॉट यांनी रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइनची, म्हणजे एकच पान प्रत्येक स्क्रीनवर नीट बसवण्याची, कल्पना मांडली, तेव्हापासून मीडिया क्वेरी तिचा कणा आहे. पण ती फक्त स्क्रीनकडे बघते, ही उणीव बऱ्याच जणांना जाचत होती. अडचण अशी, की खोक्याच्या मापावरून मजकूर बदलायचा आणि मजकुरामुळे खोक्याचं माप बदलायचं, हा फेरा ब्राउझरला सुटत नव्हता. तो सुटल्यावर २०२२ मध्ये क्रोम १०५ आणि सफारी १६ मध्ये ही सोय आली, फेब्रुवारी २०२३ मध्ये फायरफॉक्स ११० मध्येही आली.

तो फेरा सोडवण्याची किंमत मात्र आपण भरतो, आणि मी ती पहिल्याच आठवड्यात भरली. पुस्तकांच्या विषयांची एक ओळ फ्लेक्समध्ये, म्हणजे खोकी शेजारी शेजारी लावायच्या सीएसएसच्या मांडणीत, होती. तिची रुंदी क्वेरीला विचारता यावी म्हणून तिला कंटेनर-टाइप: इनलाइन-साइझ दिलं आणि सगळे विषय गायब! पानाच्या एचटीएमएल कोडमध्ये आहेत, स्क्रीनवर नाहीत. दीड तास गेला तेव्हा कळलं, की हे लिहिल्यावर ब्राउझर त्या खोक्याची रुंदी आतल्या मजकुरावरून मोजणं थांबवतो. फ्लेक्समध्ये रुंदी बाहेरून मिळाली नाही, तर ती थेट शून्य होते. उरलेली जागा घ्यायला सांगणारं फ्लेक्स: १ दिलं आणि विषय परत आले. दुसरं असं, की कंटेनर स्वतःच्या मापावरून स्वतःची सजावट बदलू शकत नाही, फक्त आतल्यांची बदलतो. म्हणून प्रत्येक कार्डाभोवती एक जादा डिव्ह, म्हणजे नुसतं खोकं, लागतो. मला ते खटकतं, पण इलाज नाही.

मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट अगदी अनपेक्षितपणे हाती लागली. साइटवर अक्षर मोठं करायचं ‘अ+’ बटण आहे. आमचे ग्रंथपालकाका सत्तरीच्या घरातले, ते बटण दाबल्याशिवाय एक ओळ वाचत नाहीत. त्यांचा फोन ३६० रुंदीचा. दोन्ही कडांची जागा सोडली की कार्डाला ३२८ मिळतात. कार्ड आडवं करायची माझी अट आहे २० ईएमची. ईएम म्हणजे अक्षराच्या आकाराच्या पटीतलं माप. साध्या १६ पिक्सेल अक्षराला ते ३२० होतात, म्हणून कार्ड आडवं बसतं. काकांनी अक्षर २० केलं की तीच अट ४०० वर जाते आणि कार्ड आपोआप उभं होतं. वर मुखपृष्ठ, खाली पूर्ण रुंदीत पुस्तकाचं नाव. मीडिया क्वेरीतला ईएम ब्राउझरच्या मूळ अक्षरावर मोजला जातो, आपल्या बटणानं काय केलं ते त्याला समजत नाही. कंटेनर क्वेरीतला ईएम त्या कंटेनरच्याच अक्षरावर मोजला जातो. काकांनी फोन माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, “अगं, आता बोटानं सरकवायला नको.” तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप मला मान्य आहे. अटी पिक्सेलमध्ये लिहिणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे, त्या ईएममध्ये लिहा.

मराठी मजकुराचं एक इथंच सांगते, कारण अरुंद खोक्यात ते लगेच उघडं पडतं. नाव दोन ओळींत कापायला लाइन-क्लॅम्प लावला होता आणि ओळीची उंची १.२ ठेवली होती. ‘मूर्ती’चा रेफ आणि वेलांटीचं टोक वरून कापलं गेलं. उंची १.६ केली, वर थोडं पॅडिंग, म्हणजे आतली मोकळी जागा, दिलं, तेव्हा अक्षर पूर्ण दिसलं. इंग्रजी नमुन्यांतली मापं देवनागरीला जशीच्या तशी लावू नका.

चित्रांच्या बाबतीत मात्र निराशा आहे. कार्ड खोक्याकडे बघतं, पण कोणती फाइल उतरवायची हे ठरवायला चित्राच्या कोडमध्ये लिहायचं साइझेस अजून स्क्रीनकडेच बघतं. त्यात कंटेनर क्वेरी लिहिता येत नाही. त्यामुळे २८० च्या पट्टीतसुद्धा गरजेपेक्षा मोठं मुखपृष्ठ उतरायचं. लेझी लोडिंगच्या, म्हणजे पान सरकवत जवळ आल्यावरच उतरणाऱ्या, चित्रांना साइझेसमध्ये ऑटो लिहिलं, तर क्रोम १२६ पासून ब्राउझर खरी जागा बघून फाइल निवडतो. मी ते लिहून ठेवलंय, आणि ज्यांना ते कळत नाही त्या ब्राउझरसाठी पुढं नेहमीची मापंही दिलीत.

जुन्या फोनचं विचाराल तर आयफोन ७ आयओएस १५ वर थांबतो, तिथं कंटेनर क्वेरी चालत नाही. त्यावर क्रोम टाकूनही उपयोग नाही, आत इंजिन सफारीचंच. म्हणून मूळ नियमांत कार्ड उभं ठेवलंय आणि आडवं करणं तेवढं क्वेरीत. अशा फोनवर साधं, उभं, नीट वाचता येणारं पान मिळतं. या एका कारणानं अजून एकही तक्रार आलेली नाही.

मीडिया क्वेरी पूर्ण गेल्या नाहीत. वरचा मेनू, छपाई आणि गडद रंगसंगती यांसाठी त्या आहेत, आणि तिथं त्याच योग्य आहेत.

आता वाचनालयाच्या हॉलमधल्या टीव्हीवर नवी पुस्तकं दाखवायची आहेत. तेच कार्ड तिथं उघडून पाहिलं. लॅपटॉप जोडला की सुरेख आडवं दिसतं. टीव्हीचा स्वतःचा ब्राउझर जुना आहे, त्यात उभंच राहतं. छोटा संगणक घ्यायचा का, हे या रविवारी समितीला विचारणार आहे.