‘एनए प्रस्तावित’ प्लॉटमध्ये माझे ४ लाख ४६ हजार गेले, तुमचे जाऊ देऊ नका

आधी आकडे सांगतो. प्लॉट १,५०० चौरस फुटांचा, भाव ४१० रुपये, एकूण ६ लाख १५ हजार. बुकिंगला ५१ हजार दिले. इसारपत्राच्या, म्हणजे आगाऊ रकमेच्या कराराच्या, दिवशी आरटीजीएसनं २ लाख ७५ हजार. मग ‘एनएची, म्हणजे जमीन बिगरशेती करायची, फाइल अडली आहे’ म्हणून रोख १ लाख २० हजार. तुरीचे, कापसाचे आणि घरच्यांच्या भिशीचे पैसे होते हे. रोखीची पावती नाही.

स्कीम तुम्हाला माहीत आहेच. समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातून गेला, ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि आमच्याकडं धुऱ्याधुऱ्यावर रंगीत झेंडे लागले. शेतकऱ्याच्या हातावर थोडा इसार टेकवायचा, वावरात मुरूम टाकून चुन्याच्या रेघा मारायच्या आणि दुसऱ्याचं वावर प्लॉट पाडून विकायचं. मलाही हे ठाऊक होतं. पण प्लॉट विकणारा हा माणूस माझ्या साडभावाच्या ओळखीचा, लग्नाकार्यात जेवायला बसणारा. गावातल्या दोन मास्तरांनी आधीच बुकिंग केलं होतं. ‘दोन वर्षांत दुप्पट, नाही झालं तर बायबॅक’, म्हणजे तोच परत विकत घेईल, हे त्यानं कागदावर लिहून दिलं होतं. अशा माणसावर कोण संशय घेतो, सांगा.

नोटरीच्या टेबलावरची ती दहा मिनिटं मात्र माझ्या डोक्यातून जात नाहीत. सातबारा माझ्या हातात होता. त्यावर मालक म्हणून भलत्याच म्हाताऱ्या शेतकऱ्याचं नाव आणि भूधारणा पद्धतीपुढं स्वच्छ लिहिलेलं ‘भोगवटादार वर्ग-२’. मी विचारलं. विचारलं नाही असं कोणी म्हणू नये. तो विकणारा म्हणाला, ‘‘भाऊ, काऊन टेन्शन घेता? सरकारी नजराणा भरला का वर्ग एक होते. रजिस्ट्री कुठं पळून चालली?’’ आणि ५०० रुपयांच्या स्टँपवर सह्या झाल्या. वर्ग-२ ची जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही, हे गावातलं पोरगंही सांगतं. त्याच क्षणी उठायला पाहिजे होतं. पण बाजूला साडभाऊ, समोर चहा, आणि २ लाख ७५ हजार सकाळीच त्याच्या खात्यावर गेलेले.

नोटरी म्हणजे रजिस्ट्री नव्हे. नोटरी सही पाहते, मालकी नाही. साठेखत (पुढं विकण्याचा करार) असो की खरेदीखत, दुय्यम निबंधकाकडं नोंदलेलं असेल तरच पैसे सोडा. आठपेक्षा जास्त प्लॉट किंवा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जागा असेल तर २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणं महारेराची (घर-प्लॉटच्या प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी लागते, आणि नोंदलेल्या कराराशिवाय १० टक्क्यांवर रक्कम घेताच येत नाही. माझ्या प्लॉटचे १० टक्के म्हणजे ६१,५००. त्याच्या वरचं सगळं त्यानं कायदा मोडून घेतलं.

त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला भेटलो. त्याला २ लाख इसार मिळालेला. वावरात ६४ प्लॉट पडले हे त्याला झेंडे लागल्यावर कळलं.

आता साहेब लोकांचं ऐका. ठाण्यात गेलो तर ‘‘हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.’’ दुसऱ्याची जमीन आपली म्हणून विकणं दिवाणी? फसवणुकीचं जुनं ४२० कलम म्हणजे आताच्या न्याय संहितेचं ३१८(४), हे मी त्यांना सांगायचं? वरून मलाच विचारतात, ‘‘रोख काऊन दिले?’’ जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्यावर आयकर कायद्यात बंदी आहे आणि दंड घेणाऱ्याला आहे, देणाऱ्याला नाही. त्याला विचारायला कोणी तयार नाही. तहसिलात गेलो तर तलाठ्याकडं जा, तलाठी म्हणतात फेरफार, म्हणजे मालकीच्या नोंदीत बदल, झालाच नाही तर आम्ही काय करणार. अरे, भर रस्त्यावर सहा महिने बोर्ड उभा होता, अनधिकृत प्लॉटिंगचा! रोज त्याच्यासमोरून सरकारी गाडी जात होती. एका साहेबाला थांबून मंजूर नकाशा विचारावासा वाटला नाही. आम्ही एक झाड तोडलं तर नोटीस घरी येते. शेवटी नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) खाली पोलिस अधीक्षकांना टपालानं लेखी तक्रार पाठवली. पोच जपून ठेवली आहे. ठाण्यानं नाकारलं तर तुम्हीही हेच करा, हात जोडत बसू नका.

‘एनए प्रस्तावित’ म्हणजे एनए नाही. एनएचा आदेश आणि नगररचनेनं मंजूर केलेला नकाशा मागा, झेरॉक्स नको. मंजूर लेआउट नसेल तर शेतजमिनीच्या तुकड्याची खरेदी १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात अडते. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मोबाइलवर मिळतो, एजंटनं दिलेला पाहू नका. त्यावरच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेच्या कर्जाचा बोजा आहे का, बघा. मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल स्वतःच्या वकिलाकडून घ्या, एजंटच्या नाही.

त्याच ६४ प्लॉटांपैकी काहींचे हप्ते अजून चालू आहेत. या महिन्याचा भरू नका. बँकेचा उतारा आणि इसारपत्र घेऊन मला भेटा, एकत्र तक्रार टाकू. एकट्याचा अर्ज ते फाइलखाली दाबतात.