काच कापली म्हणून जेड समजलो, 1,450 केत्साल (ग्वातेमालाचं चलन) गेले

ग्वातेमालातल्या आंतिग्वाला जाणार असाल तर हे वाचून जा. 1773 च्या भूकंपात पडलेल्या चर्चचे अवशेष, दगडी गल्ल्या, समोर आग्वा ज्वालामुखी. माणूस हरखतोच, आणि हरखलेल्याच्या गळ्यात हिरवा दगड मारणं सोपं जातं.

पिवळ्या कमानीजवळच्या विक्रेत्याने पदक दाखवलं. "मोताग्वा खोऱ्यातला जेड." जेड खरंच तिथे सापडतो, म्हणून थाप पचली. मग त्याने बाटलीवर पदक घासलं. काचेवर पांढरी रेघ, दगडावर काही नाही. आणि मी मान डोलावली! अक्कल तिथेच गहाण पडली. मोहस मापनावर काचेचा कठीणपणा साधारण साडेपाच, जेडाइटचा (मोताग्वाचा जेड तो हाच) साडेसहा ते सात, क्वार्ट्झचा, म्हणजे गारगोटीचा, सात. म्हणजे रंगवलेलं क्वार्टझाइट, क्वार्ट्झचाच खडक, तेही काच कापणारच. या चाचणीत फार तर सर्पेंटाइनसारखा मऊ दगड पकडला जातो. हे मला माहीत होतं हो! पण शटल बस सुटायला दहा मिनिटं होती, अशा वेळी कोण पुस्तक आठवतं?

दहापट भिंग पिशवीतच राहिलं. घरी बघितलं तर भेगाभेगांत हिरवा रंग धाग्यासारखा साचलेला. मग वजन केलं: कोरडं पदक 31.8 ग्रॅम. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य केला, पदक दोऱ्याने पूर्ण बुडवलं, तळाला टेकू दिलं नाही. काट्यावर 12.0. 31.8 भागिले 12.0, म्हणजे घनता 2.65, सरळसरळ क्वार्ट्झ. जेडाइट 3.3 च्या आसपास येतो, म्हणजे काट्याने 9.6 दाखवायला हवं होतं. ग्रॅमचा दशांश दाखवणारा खिशातला काटा सोबत न्या. साखळी, कडी असेल तर ती काढून वजन करा, नाहीतर आकडा फसवतो.

कार्ड मशीन "बंद" असेल तर तिथूनच मागे फिरा. मी रोख मोजली, आपल्याकडचे सोळा हजारांच्या आसपास. फाक्तुरा, म्हणजे रीतसर बिल, मागा. करक्रमांक विचारला तर "कोन्सुमिदोर फिनाल", म्हणजे अंतिम ग्राहक, म्हणायचं. बिलावर दगडाचं नाव "jadeíta" (हादेइता, म्हणजे जेडाइट) असंच लिहून घ्या. माझ्या चिठोऱ्यावर होतं "हिरवं पदक".

तेवढ्यावरून सगळे हात झटकून मोकळे झाले. पोलिसांनी दुकानाचा पत्ता विचारला; विक्रेता फिरता. त्यांनी दुसऱ्या कचेरीचं नाव सांगितलं. ईमेल केला, तर तक्रार स्पॅनिशमध्ये हवी. भाषांतर करून पाठवली, तर बिल जोडा. बिल दिलं असतं, तर ते फसवणूक करणारे कसले? हे लिहून पाठवलं, त्याला उत्तर आलं: अर्ज अपूर्ण.