घरातल्या तलवारींसाठी घेतलेलं काचेचं कपाट: चौदा महिन्यांचा अनुभव

चिपळूणच्या आमच्या घरात तीन तलवारी, एक दांडपट्टा, दोन कट्यारी, एक बिचवा आणि म्हशीच्या कातड्याची एक ढाल आहे. आजोबांच्या वेळेपासून ही सगळी माजघरात खुंट्यांना टांगलेली असायची. 22 जुलै 2021 च्या पुरात माजघर बुडालं आणि दोन दिवस सगळं चिखलात राहिलं. पाणी ओसरल्यावर मी सगळं धुऊन, कोरडं करून वरच्या मजल्यावर नेलं. तेव्हापासून त्यांची देखभाल माझ्याकडे आहे.

आधी सुताराकडून प्लायवूडचं बंद कपाट करून घेतलं, आत लाल मखमल लावून. दिसायला फार सुंदर झालं होतं. पण पुढच्या दसऱ्याला उघडलं तेव्हा तिन्ही पात्यांवर तांबूस ठिपके उठलेले! खुंटीवर उघड्यावर इतकी वर्षं असताना एवढा गंज कधी चढला नव्हता. कारण नंतर कळलं. प्लायवूडमधून आणि त्याच्या गोंदातून आम्लाची वाफ सुटत राहते, बंद जागेत ती साचते आणि लोखंडाला खाते. खात्री करण्यासाठी मासे धरायच्या गळाचं शिसं पॉलिशपेपरने घासून चकचकीत केलं आणि महिनाभर त्या कपाटात टांगून ठेवलं. त्यावर पांढरी भुकटी धरली. शिशाला ही आम्लं सगळ्यात लवकर लागतात, त्यामुळे घरच्या घरी यापेक्षा सोपी परीक्षा मला माहीत नाही.

म्हणून पावडर कोटिंग केलेल्या लोखंडी चौकटीचं, जाड टफन्ड काचेचं कपाट बनवून घेतलं. सहा फूट रुंद, चार फूट उंच, दहा इंच खोल. गाडीभाड्यासह 62,000 रुपये पडले. दारांना रबरी पट्टीऐवजी सिलिकॉनची पट्टी मुद्दाम सांगून लावून घेतली, कारण रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते आणि आमच्या एका कट्यारीच्या मुठीवर चांदीची कोफ्तगिरी, म्हणजे लोखंडावर ठोकून बसवलेल्या चांदीच्या तारेची नक्षी, आहे. लोकरीच्या फेल्टनेही तेच होतं, म्हणून टेकूंवर धुतलेलं सुती कापड गुंडाळलं आहे.

कपाट आलं तेव्हा आत व्हिनेगरसारखा वास होता. काचा चिकटवलेलं सीलंट सुकताना तेच आम्ल सोडत होतं. बनवणाऱ्याने सांगितलं, "दोन दिवसांत जाईल." दोन दिवसांत काही गेलं नाही. पाच आठवडे दारं सताड उघडी ठेवली, मग शिशाचा तुकडा महिनाभर आत टांगला. तो स्वच्छ निघाल्यावरच पहिली तलवार आत गेली. एवढी वाट बघायची तयारी नसेल तर हे कपाट घेऊ नका, असं मी स्पष्टच सांगेन.

खरी कसोटी आर्द्रतेची. जुलैत आमच्याकडे खोलीत 88 ते 92 टक्के असते. आधी मीटर तपासून घेतला: बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर थोडं पाणी, आणि ते मीटरसह घट्ट पिशवीत रात्रभर. तिथे 75 दिसायला हवं, माझा मीटर 81 दाखवत होता. आता प्रत्येक आकड्यातून सहा वजा करतो. सुरुवातीला कपाटाच्या तळाच्या ट्रेमध्ये चार किलो सिलिका जेल, म्हणजे हवेतला ओलावा शोषणारे खडे, ठेवलं, ते आठवड्यात ओलाव्याने भरून गेलं. आठ किलो केल्यावर आकडा 46 ते 52 मध्ये टिकला. जुलै-ऑगस्टमध्ये दर तीन आठवड्यांनी जेल ओव्हनमध्ये 120 अंशांवर तापवून कोरडं करावं लागलं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी एकदाही नाही. जेल नारिंगी घ्या. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचं क्षार असतं, ते घरात नको.

आकडा याहून खाली न्यायचा मोह होतो, कारण लोखंडाला कोरडंच बरं. पण ढालीचं कातडं आणि म्यानांचं चामडं फार कोरड्या हवेत आक्रसतं, चिरतं. म्हणून पन्नासच्या आसपास थांबलो. तलवारी म्यानात ठेवतच नाही. चामडं आणि आतलं लाकूड ओल धरून ठेवतं, आणि बंद म्यानात गंज चढलेला बाहेरून कळतही नाही. म्यानं खालच्या फळीवर वेगळी आहेत.

दिव्यांची चूक माझीच होती. पहिल्या मे महिन्यात शोभेसाठी दोन हॅलोजन लावले. आठवड्याभरात एका तलवारीची मूठ हलायला लागली. आपल्या जुन्या तलवारींचं पातं मुठीत लाखेने बसवलेलं असतं आणि लाख उष्णतेने मऊ होते. हॅलोजन त्याच दिवशी काढले. आता एलईडी पट्टी आहे, तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिला वीज पुरवणारी डबी, कपाटाबाहेर. खिडकीचं ऊनही पडू देत नाही.

पूर्वी आम्ही खोबरेल तेल लावायचो. ते खवट होतं, धूळ धरतं. आता हातात नायट्राइलचे मोजे घालून सूक्ष्मस्फटिकी मेण अगदी पातळ लावतो आणि सुती फडक्याने पुसून घेतो. ब्रिटिश म्युझियममध्ये तयार झालेलं रेनेसाँ वॅक्स मी वापरतो. महाग आहे, पण छोटी डबी वर्षभर पुरून उरली. बफिंग मशीनवर मात्र कोणीही तलवार नेऊ नका. पंधरा वर्षांपूर्वी काकांनी एक तलवार दसऱ्याआधी "चमकवून" आणली. तिच्या पात्यावरचा जौहर, पोलादातली ती पाण्यासारखी नक्षी, आता दिसत नाही. ती तलवार हातात घेतली की अजून जीव हळहळतो.

खंडेनवमीला घरात थोडा पेच झाला. आई म्हणाली, "अरे, हळदीकुंकू नाही लागलं तर पूजा कसली?" मी तिला पात्यावर ओल्या कुंकवाचे जुने डाग दाखवले. तिनेच मार्ग काढला. प्रत्येक मुठीवर विड्याचं पान ठेवलं आणि हळदीकुंकू पानाला वाहिलं. अर्ध्या तासाने पानं उचलून मी मुठी पुसल्या.

कपाटाच्या तक्रारी दोन आहेत. डावं दार सहा महिन्यांत लोंबलं आणि खालून फट पडली, जेल लवकर भरतंय यावरून ते लक्षात आलं. बिजागऱ्या बदलून घेतल्या. दुसरी तक्रार कुलपाची: सोबत आलेलं कुलूप कुठल्याही किल्लीने उघडेल असं होतं. तलवारी, कट्यारी शस्त्र अधिनियम 1959 च्या कक्षेत येतात आणि घरात लहान मुलं आहेत, म्हणून मी चांगलं कुलूप बसवलं, कपाट रस्त्यावरून दिसणार नाही अशा भिंतीला लावलं आणि फोटो, लांबीसह यादी पोलीस ठाण्यात दिली.

दांडपट्टा सहा फुटांत आरामात बसतो. भाल्याचं एक पातंही आमच्याकडे आहे, पण त्याची काठी साडेसात फुटांची, ती कपाटात मावत नाही. पातं काढून आत ठेवलं आहे, काठी अजून माजघरातल्या जुन्या खुंट्यांवरच आहे.