एकच डॉक्टर की सोबत काउन्सेलरही?

चोपड्याच्या ताईंनी विचारलंय, भावाच्या डिप्रेशनला जळगावचा सायकियाट्रिस्ट (मनाच्या आजारांचा डॉक्टर) पुरे का काउन्सेलरही लावायचा. खर्चात एकच डॉक्टर बरा, पण गर्दीच्या ओपीडीत गोळ्यांचंच बोलणं होतं, मनातलं राहून जातं. काउन्सेलर निवांत ऐकतो, फोनवरही, पण गोळ्या लिहू शकत नाही. दोघं असले की खरी मेहनत निरोपांची, कारण गोळीचा गुण यायला 2 ते 4 आठवडे लागतात आणि मधेच भावाने ती बंद केली तर डॉक्टरला कळायलाच हवं, म्हणून दोघांना आपसात बोलायची परवानगी भावाकडून आधीच लिहून घ्या. बायपोलर (मन कधी फार चढतं, कधी फार खचतं तो आजार) किंवा भास असतील तर डॉक्टर सोडूच नका. गोळ्यांनी झोप सुधारली पण घरचा ताण तसाच असेल, तर दोघं ठेवा. हलकी उदासी असेल तर आधी काउन्सेलर चालेल. जीव द्यायचं बोलला तर लगेच दवाखाना, नाहीतर टेली-मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, 14416 वर फोन करा, फुकट आहे.