ह्युगिन, काही महिने वापरल्यावर: पॅनोरामा झकास, पण आधी फोटोंचा टॅग बघा

ह्युगिन, म्हणजे अनेक फोटो जोडून एक रुंद चित्र (पॅनोरामा) बनवणारं सॉफ्टवेअर, त्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं, आज लिहितोय ते फोनच्या सर्व्हिस सेंटरवर डोकं फिरलं म्हणून. तोरणमाळच्या सीताखाई दरीचे फोटो जोडायला घेतले की मधलेच काही आडवे पडायचे. काउंटरवरचा म्हणाला, "भाऊ, सेन्सर गेला, बोर्डच बदलावा लागीन." खर्च ऐकला आणि फोन उचलून घरी आलो. फोनचा कल ओळखणारा तो सेन्सर ठणठणीत आहे!

कॅमेरा फोटो फिरवत नाही, फाइलच्या एक्झिफमध्ये (फोटोसोबत साठवलेल्या माहितीत) ओरिएंटेशनचा, म्हणजे फोटो कुठल्या बाजूने दाखवायचा त्याचा, एक आकडा लिहितो. हाच तो टॅग. 1 म्हणजे आहे तसा दाखवा, 6 म्हणजे 90 अंश उजवीकडे फिरवून, 8 म्हणजे डावीकडे, 3 म्हणजे पार उलटा. हा आकडा ठरतो गुरुत्वाकर्षणावरून. दरीत फोन झुकवला की वरची बाजू कुठली हेच सेन्सरला उमगत नाही, मग एकाला 6, शेजारच्याला 1. यशवंत तलावाकाठी फोन सरळ धरून काढलेले फोटो कधी बिघडले नाहीत, ते यामुळेच.

सुरुवातीला वाटायचं, ह्युगिनने हा टॅग वाचूच नये. आता मत बदललंय. ह्युगिन तो फक्त सुरुवातीचा 'रोल' (फोटो किती फिरलाय तो कोन) म्हणून धरतं, आणि कंट्रोल पॉइंट (दोन फोटोंतल्या जुळणाऱ्या खुणा) भरपूर असले तर ऑप्टिमाइझ करताना, म्हणजे फोटो एकमेकांशी नीट बसवताना, चुकलेला रोल बहुतेकदा आपणच सुधारतं. अडतं ते पावसाळी धुक्यात, जुळवायला खूणच नसते तेव्हा. त्यात अँकर फोटोचाच (ज्याच्या आधाराने बाकीचे बसवले जातात त्याचा) टॅग चुकला, तर अख्खी दरी आडवी होते.

उपाय फुकट आहे. एक्झिफ बदलणाऱ्या एक्झिफटूल या प्रोग्रॅमने सगळ्या फोटोंना एकच आकडा द्या, मूळ फाइलची प्रत ते बाजूला ठेवतं. गॅलरीतलं फिरवायचं बटण मात्र दाबू नका. काही गॅलऱ्या नुसता टॅग बदलतात, काही पिक्सेलच फिरवतात. मग लांबी-रुंदीची अदलाबदल होते आणि एकाच फोनचे फोटो ह्युगिनला दोन लेन्सचे वाटतात. सोबत्याचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर घ्यायचे तर डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर फोकल लेंग्थसकट सगळी माहिती पुसली जाते.

एवढं करूनही चित्र कललेलं राहिलं, तर विजेचा खांब शोधा. एकाच फोटोत खांबाच्या वर एक, खाली एक पॉइंट द्या, प्रकार 'व्हर्टिकल लाइन' निवडा आणि पुन्हा ऑप्टिमाइझ करा. चित्र आपोआप सरळ करणारं 'स्ट्रेटन' बटण घाईत बरं, पण ते चित्रातली रेघ बघत नाही, फोटोंच्या कलावरून नुसता अंदाज बांधतं. मी खांबावरच भरवसा ठेवतो.

महिन्याचं भाडं मागणारं सॉफ्टवेअर यासाठी घेऊ नका, ह्युगिनला एक रुपया लागत नाही. आणि दरीकाठी फोन आधी उभा धरा, मग सावकाश झुकवा. माझ्या फोनवर तेवढ्यानेच टॅग टिकतो.