जेवताना कपडे सांभाळण्यासाठी काय घ्यावे : पंचा, रेक्झिन, टेरी की सिलिकॉन?

कंपवाताने हात थरथरणाऱ्या, पक्षाघातानंतर एका हाताने जेवणाऱ्या किंवा दृष्टी मंदावलेल्या ज्येष्ठांच्या अंगावर आमटी, चहा, ताक सांडते आणि दिवसातून दोन-तीनदा कपडे बदलावे लागतात. ज्यांचा खांदा आखडलेला आहे, त्यांना सदरा काढणे-घालणे जेवणापेक्षाही त्रासाचे होते. अंगावर काहीतरी आच्छादन हवे याविषयी घरात एकमत असते. प्रश्न अडतो तो कोणते घ्यावे इथे. सांगली-मिरजेत सहज मिळणारे किंवा शिंप्याकडून शिवून घेता येणारे पर्याय तोलताना दोन गोष्टी आधी पाहाव्यात, असे मला वाटते. सांडते ते पातळ आणि गरम आहे की घट्ट, ही पहिली गोष्ट. आणि ते अंगावर घेऊन चारचौघांत बसायला त्या व्यक्तीचे मन तयार आहे का, ही दुसरी. दुसऱ्या गोष्टीकडे दुर्लक्ष केले, तर उत्तमातली उत्तम वस्तूही कपाटातच पडून राहते.

सुती पंचा किंवा उपरणे घरात असतेच, आणि ते खांद्यावर घ्यायला कोणालाही संकोच वाटत नाही. लग्नकार्यात पंगतीला बसायचे असेल, तर यासारखा शोभून दिसणारा पर्याय दुसरा नाही. भाताची शिते, भाकरीचा चुरा, चटणीचे तेल एवढे ते व्यवस्थित अडवते. मात्र वाटीभर पातळ पदार्थ कलंडला, तर तो क्षणात आरपार जातो. पंचा सारखा घसरतोही. दातांच्या दवाखान्यात गळ्यात अडकवतात तशी दोन टोकांना चिमटे असलेली साखळी वापरली, तर ही अडचण दूर होते.

रेक्झिनचा किंवा प्लास्टिकचा एप्रन स्वस्त पडतो, ओल्या फडक्याने पुसला की स्वच्छ होतो आणि पाणी आत जाऊ देत नाही. म्हणूनच बहुतेकांचा हात आधी त्याकडे जातो. पण त्यावर सांडलेली आमटी जिरत नाही, ती ओघळते. छातीवरून निघालेला ओघळ मांडीवरच्या चुणीत साचतो आणि जेवणारी व्यक्ती उठताच पायजम्यावर किंवा लुगड्यावर उतरतो. त्यात एप्रिल-मे महिन्यांत सांगलीचा पारा ४० अंशांच्या आसपास असताना छातीला चिकटलेले रेक्झिन कोणाला सोसवेल? खालची कड दुमडून खिसा शिवला, तर ओघळ थोडा अडतो, परंतु घाम येणे काही थांबत नाही.

रोजच्या वापरासाठी माझा कौल टेरीला, म्हणजे टॉवेलच्या कापडाला आहे. त्याचे उभे फासे पातळ पदार्थ जागीच शोषतात, त्यामुळे सांडलेले तळहाताएवढ्या डागापलीकडे सहसा पसरत नाही. नुसत्या टेरीत मात्र एक धोका आहे : उकळता चहा शोषून घेतलेले कापड ती उष्णता अंगाशी धरून ठेवते. म्हणून मागे जलरोधक अस्तर हवेच, आणि अस्तर असले तरी गरम पदार्थ सांडल्यास आच्छादन तत्काळ बाजूला करावे. त्वचा भाजली असल्यास २० मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावी. बर्फ लावू नये.

असे तयार आच्छादन मिळाले नाही, तर ते शिवून घेणे सोपे आहे. ३० बाय ६० इंचांचा सोलापुरी टॉवेल आडवा मधोमध कापला की दोन चौकोन मिळतात. एका बाजूला गळ्याचा घेर काढावा आणि मागे तान्ह्या बाळांसाठी विकली जाणारी ड्राय शीट लावावी. शिलाई फक्त कडेने मारायला सांगावे, कारण मधल्या प्रत्येक टाक्याच्या छिद्रातून ओल झिरपते. खुर्चीवर बसून जेवणाऱ्याची मांडी झाकली गेली पाहिजे. तेवढी लांबी पुरत नसेल, तर खाली कापडाचा तुकडा जोडावा. पाटावर मांडी घालून बसणाऱ्यांना लांबीपेक्षा रुंदी अधिक लागते.

खालच्या बाजूला पन्हळीसारखा खिसा असलेले सिलिकॉनचे आच्छादन घट्ट घास सांडणाऱ्यांसाठी चांगले. मऊ भात, उपमा त्यात बरोबर पडतो आणि नळाखाली धरले की ते स्वच्छ होते. पण ते मानेवर जड वाटते, आणि त्याचे रूप बाळाच्या लाळेऱ्यासारखे असल्याने अनेक ज्येष्ठ ते स्पष्ट नाकारतात. वापरून टाकायचे कागदी आच्छादन प्रवासापुरते किंवा रुग्णालयातल्या मुक्कामापुरते ठेवावे.

बंद कोणता, हेही कापडाइतकेच महत्त्वाचे आहे. मानेमागची गाठ स्वतःची स्वतःला बांधता येत नाही, टिचबटण आखडलेल्या बोटांनी दाबवत नाही. व्हेलक्रो सर्वांत सोपा, फक्त धुण्यापूर्वी तो बंद करावा, नाहीतर साडीचे धागे ओढतो. चुंबकाचे बंद छान वाटतात, तरी ज्यांना पेसमेकर बसवला आहे त्यांच्या छातीजवळ चुंबक नको. कोणताही बंद असला तरी जेवण आटोपताच आच्छादन काढावे. ते गळ्यात ठेवून झोपू देऊ नये.

राहता राहिला हळदीचा डाग. सांगलीसारख्या हळदीच्या पेठेत राहणाऱ्यांना तो नवा नाही, तरीही साबण लावताच डाग लाल झाला की घासाघाशी सुरू होते. साबणातल्या क्षारामुळे हळदीचा रंग तसा बदलतो. आधी भांड्यांच्या द्रवसाबणाने तेल काढावे, भरपूर पाण्याने खळबळावे आणि कापड ओले असतानाच कडक उन्हात टाकावे. हळदीचा रंग उजेडात विटत जातो. दूध किंवा अंडे सांडले असल्यास मात्र आधी थंड पाणीच वापरावे, गरम पाण्याने तो डाग पक्का बसतो. जलरोधक अस्तरावर इस्त्री फिरवू नये, आणि कपडे मऊ करणारे द्रव टेरीला लावू नये, त्याने शोषण्याची ताकद घटते. रंग निवडताना पांढरा टाळून मोहरी किंवा तपकिरी घ्यावा. एरवी तीन नग पुरतात, परंतु पावसाळ्यात टेरी लवकर वाळत नसल्याने आणखी दोन हाताशी असावेत.

सांडणे अचानक वाढले आणि त्याच वेळी तोंडाची एक बाजू लोंबलेली दिसली किंवा बोलणे अडखळू लागले, तर ती पक्षाघाताची खूण असू शकते. अशा वेळी रुग्णालय गाठण्यात क्षणाचाही विलंब करू नये. घासागणिक ठसका लागत असेल, तर गिळण्याची तपासणी करून घेणे आच्छादनाच्या खरेदीपेक्षा अधिक निकडीचे आहे.